देव नाहीच असं धरलं, तर उपासनेचं काय उरतं?

पायवाट
देव आहे की नाही यावर इथे आधीच ढिगाने धागे आहेत आणि ते सगळे एकाच ठिकाणी जाऊन आपटतात. हा धागा त्यासाठी नाही. चर्चेपुरतं धरून चालू की देव नाही. एकही नाही, कुठल्याच धर्माचा नाही, 'काहीतरी शक्ती वगैरे' सुद्धा नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: मग माणसं हजारो वर्षं जी उपासना करत आली, तिचा अर्थ काय?

दोन उत्तरं लगेच मिळतात. एक, सगळं फुकट गेलं. दोन, मानसिक समाधान मिळतं ना, मग झालं तर. पहिलं मला उर्मट वाटतं आणि दुसरं आळशी. समाधान दुपारच्या झोपेनेही मिळतं, पण झोपेसाठी कुणी प्राण दिल्याचं ऐकिवात नाही.

माझं कच्चं मत असं: उपासनेत एक मागणं असतं आणि एक मागण्यापलीकडचं असतं. स्तुती, आभार, कबुली, नुसतं शांत बसणं. ऐकणारा कुणी नसेल तर मागणं निकालात निघालं. बाकीचं तग धरू शकेल, कारण त्याचा परिणाम करणाऱ्यावरच होतो. तुम्हाला काय वाटतं? आस्तिकांनीही जरूर लिहावं, फक्त गृहीतक मोडू नये.

तर्कटराव
काहीही उरत नाही. पलीकडे कुणी नाही हे कळल्यावरही फोन कानाला लावून बोलत राहिलं, तर त्याला संवाद म्हणत नाहीत.

आणि स्तुती तग धरेल म्हणता, ती तर सगळ्यात आधी कोसळेल. 'तू दयाळू आहेस' हे विधान आहे. 'तू'च नसेल तर विधान खोटं. रोज सकाळी एक खोटं विधान मोठ्याने म्हणून मन शुद्ध कसं व्हायचं?

रिकामटेकडा
पहिलाच प्रतिसाद तर्कटरावांचा. आता शंभरी नक्की. खुर्ची टाकून बसलोय.

काजवा
मागण्याचा निकाल लोकांनी मोजूनही पाहिलाय. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८७२ साली साधा हिशेब मांडला: राजघराण्यातल्या माणसांच्या दीर्घायुष्यासाठी जाहीर प्रार्थना होत असतात, म्हणजे ती जास्त जगायला हवीत. आकडे काढले तर ती इतर सुखवस्तू लोकांपेक्षा कमीच जगत होती.

अलीकडचा मोठा प्रयोग २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बायपास झालेले १८०२ रुग्ण. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, त्यांच्यात (कुणालाच नक्की माहीत नसताना) काहीही फरक नाही, दोन्हीकडे साधारण निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. मजा तिसऱ्या गटात आहे. 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना खात्रीने सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं.

रिकामटेकडा
म्हणजे प्रार्थना करा, पण पेशंटला कळू देऊ नका :)

स्वल्पविराम
बिचारा पेशंट घाबरला असणार. प्रार्थनेवर आलंय म्हणजे आपलं काही खरं नाही, असं वाटलं असेल.

जुनी_पोथी
देव नसेल तर उपासना निरर्थक, हे समीकरण इथे सगळ्यांना फारच उघड वाटतंय. पूर्वमीमांसेला, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाला, ते मुळीच उघड वाटत नव्हतं. आणि हे लोक कर्मकांडाचे विरोधक नव्हेत, यज्ञाचं सगळ्यात काटेकोर शास्त्र त्यांनीच रचलं.

जैमिनीच्या सूत्रांवरचं शबराचं भाष्य घ्या. तिथे सरळ प्रश्न आहे की देवतेला शरीर असतं का, ती खाते का, प्रसन्न होऊन फळ देते का. शबराचं उत्तर तिन्हीला नाही. पूर्वपक्षी (समोरची बाजू मांडणारा) म्हणतो, देवता मधमाशीसारखी अन्नातला रस तेवढा घेते, म्हणून तिला वाहिलेलं अन्न बेचव लागतं. शबर म्हणतो, छे, वारं लागून थंड झाल्यामुळे ते बेचव लागतं. हे वाक्य भर यज्ञशास्त्रात आहे, कुठल्या चार्वाकाच्या तोंडी नाही!

मग फळ कुठून येतं? कर्मातूनच. केलेल्या कर्मामुळे 'अपूर्व' नावाचं काहीतरी अदृश्य निर्माण होतं आणि ते पुढे फळतं. देवता म्हणजे आहुती कुणाला उद्देशून हे सांगणारं नाव, त्यापलीकडे तिचं काम नाही. पुढे सातव्या शतकात कुमारिल या मीमांसकाने जग निर्माण करणारा ईश्वर ही कल्पनाच खोडून काढली. तरी यज्ञ चालूच. त्यांच्या मते देव काढल्याने यज्ञ लंगडा होत नाही. उलट तो कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही.

दुसरं टोक जैनांचं. तीर्थंकर वीतराग. त्याला ना राग ना लोभ, तो स्तुतीने खूश होणार नाही आणि निंदेने चिडणारही नाही. तो काही देऊच शकत नाही हे पूजा करणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं. तरी पूजा आहे, कारण त्या गुणांच्या आठवणीने आठवणाऱ्याचं मन धुतलं जातं. धागाकर्ते ज्याला कच्चं मत म्हणतायत, ते इथे चांगलं शिजलेलं मिळेल.

पायवाट
पोथीकाका, प्रतिसाद साठवून ठेवला. मधमाशीचा युक्तिवाद आणि त्यावरचं उत्तर दोन्ही माहीत नव्हतं.

तर्कटराव
पोथीकाका, मीमांसकांनी देव काढला आणि त्या जागी अपूर्व बसवलं. फळाचा हिशेब तसाच. पलीकडचा मालक गेला, दुकान चालू. अदृश्य काहीतरी मानावं लागतंच आहे, तेव्हा 'काहीच नाही' या गृहीतकात ते बसत नाही.

जैनांचं उदाहरण मात्र मला अडचणीचं आहे. तिथे माझा फोनचा मुद्दा लागू पडत नाही, कारण फोन केलाच नाहीये. पण तिथेही समोर होऊन गेलेला (असं मानलेला) एक माणूस आहे. आदर्श माणसाचं स्मरण मी समजू शकतो. जो कधी नव्हताच त्याचं स्मरण कसं करतात?

स्वल्पविराम
कथेतल्या पात्रासाठी रडतात तसं. ते पात्र कधी नव्हतंच हे रडताना पक्कं माहीत असतं.

तर्कटराव
कथा मिटल्यावर त्या पात्राच्या आज्ञेवरून मी शेजाऱ्याला वाळीत टाकत नाही.

मधलीसुट्टी
इतका तत्त्वज्ञानाचा भार कशाला? शरीराचं बघा की. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमध्ये माळ ओढत प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा बौद्ध मंत्र. दोन्हीत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदयाच्या लयीतही चांगला बदल दिसला. दोन धर्म, दोन भाषा, पण वाक्याची लांबी अशी की श्वास आपोआप संथ व्हावा. माणसांनी शतकानुशतकं चाचपडत ही लांबी शोधली असणार. देव असो नसो, श्वास खरा आहे.

निळीशाई
मधलीसुट्टी, मग मंत्राऐवजी पाढे म्हटले तरी चालतील?

मधलीसुट्टी
लय जमली तर चालावेत. कुणी करून पाहावं.

रिकामटेकडा
एकोणतिसाचा पाढा म्हटला. श्वास अडकला.

निळीशाई
माझा मुद्दा गंभीर आहे, हसू नका. पाढ्यांनी चालत नाही. याचा अनुभव इतिहासात घेऊन झालाय. देव वजा करून उपासना मुद्दाम घडवायचे प्रयत्न अनेक झाले.

फ्रेंच राज्यक्रांतीत नोव्हेंबर १७९३ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये विवेकाचा उत्सव केला. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर याला ते फार नास्तिक वाटलं, म्हणून त्याने जून १७९४ मध्ये 'परमतत्त्वा'चा उत्सव घडवला. दोन महिन्यांच्या आत त्याचंच मुंडकं उडालं आणि तो पंथही त्याच्याबरोबर गेला.

मग एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कॉन्त. त्याने देवाच्या जागी मानवजात ठेवली आणि बाकी सगळं साग्रसंगीत: पुरोहित, संस्कार, वर्षाचे २८ दिवसांचे तेरा महिने, प्रत्येक महिन्याला थोर माणसाचं नाव. हक्स्ली या इंग्लिश शास्त्रज्ञाने त्यावर शेरा मारला की हा ख्रिस्ती धर्म वजा केलेला कॅथलिक पंथ आहे. ब्राझीलच्या झेंड्यावरचं 'सुव्यवस्था आणि प्रगती' हे बोधवाक्य त्याच्याच विचारांतून आलं. झेंडा टिकला, उपासना मूठभरांपुरती राहिली.

२०१३ साली लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी नास्तिकांची रविवारची सभा सुरू केली. गाणी, भाषण, शांतता, चहा. सुरुवातीला भराभर पसरली, पुढे ओसरली.

म्हणजे उपासनेतून देव काढता येतो हे कागदावर ठीक. प्रत्यक्षात काढला की ती सांस्कृतिक मंडळाची बैठक होते.

काजवा
निळीशाईंना दुजोरा. रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सामुदायिक वसाहतींचा अभ्यास केला होता. धार्मिक वसाहती धर्मनिरपेक्ष वसाहतींपेक्षा खूप जास्त टिकल्या. ८३ वसाहतींच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक दिसलं. धार्मिक वसाहतींत नियम जितके जाचक (हे खायचं नाही, ते घालायचं नाही, याच्याशी बोलायचं नाही) तितकी ती जास्त टिकाऊ. धर्मनिरपेक्ष वसाहतींत नियम जाचक केले तरी आयुष्य वाढलं नाही. त्याग 'कशासाठी' याचं उत्तर लागतं, आणि ते उत्तर तपासता न येणारं असेल तर बरं, असा काहीसा निष्कर्ष.

दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलं होतं की समाज देवाच्या रूपात स्वतःलाच पूजतो. मान्य केलं तरी अडचण राहते: ते कळल्यावर पूजेची वीज जाते. 'चला, आपण सगळे मिळून आपल्यालाच पूजू या' असं म्हणून कुणी पहाटे उठत नाही.

स्वल्पविराम
सेल्फी काढायला उठतात.

जुनी_पोथी
निळीशाई, सगळेच फसले असं नाही. १९६३ साली अमेरिकेत शर्विन वाइन या रब्बीने (ज्यू धर्मगुरूने) प्रार्थनेच्या मजकुरातून देवच काढून टाकला आणि ज्यूंची ती मानवतावादी शाखा अजून आहे. त्याच्या आधी मॉर्डेकाय कॅप्लान. व्यक्तिरूप, अलौकिक देव तो मानत नसे, पण प्रार्थना सोडायची नाही म्हणे. १९४५ मध्ये सनातनी रब्बींनी त्याला बहिष्कृत केलं आणि त्याचं प्रार्थनापुस्तक जाळलं. त्याची शाखाही चालू आहे. फरक एवढाच की त्यांनी नवी उपासना रचली नाही, जुनीच आतून बदलली. कॉन्तला सगळं नवं कोरं हवं होतं.

उंबरठा
बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लिहितोय.

लोकांसाठी धार्मिक विधी करणं हा माझा व्यवसाय. कुठल्या धर्माचा ते सांगत नाही, फरक पडत नाही. माझा स्वतःचा विश्वास हळूहळू गेला. एका दिवशी गेला असं नाही, एक दिवस लक्षात आलं की तो बऱ्याच आधी गेलाय. काम चालू आहे. नेदरलंडमध्ये क्लास हेंड्रिक्से नावाच्या धर्मगुरूने २००७ साली देव अस्तित्वात नाही असं जाहीर लिहिलं, तरी चर्चने त्याचं पद काढलं नाही. माझं काढतील.

आता मुद्दा. पायवाट, तुम्ही मागणं बाजूला काढून उरलेलं वाचवू बघताय. आमच्याकडे येणारी माणसं मागायलाच येतात हो. स्तुती ही मागण्याची प्रस्तावना असते आणि आभार ही पुढच्या मागण्याची तयारी. तत्त्वज्ञांच्या उपासनेत मागणं क्षुद्र असतं. खऱ्या उपासनेत तेच असतं. ते काढलंत तर माझ्यासमोरचा हॉल रिकामा होईल. तीन-चार निवृत्त प्राध्यापक उरतील.

जुनी_पोथी
तीन-चारांपैकी एक मी :)

तर्कटराव
उंबरठा, प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. तुम्हाला माहीत आहे की ऐकणारा नाही. समोरच्याला वाटतं की आहे, आणि तुम्ही त्याचे पैसे घेता. याला काय म्हणायचं?

मधलीसुट्टी
हे अती होतंय.

संपादक
वैयक्तिक रोखाने लिहू नये. मुद्द्यावर राहा.

उंबरठा
राहू द्या, प्रश्न रास्त आहे, मी रोज स्वतःला विचारतो. काम होईल अशी खात्री मी कुणाला कधी देत नाही. कुणी 'हे केलं की नक्की होईल ना?' असं विचारलं तर मी 'नाही' म्हणतो. बहुतेक जण तरीही करून घेतात. यावरून तुम्ही मला सोडून देणार नाही हे माहीत आहे, मीही दिलेलं नाही.

पण एक बघितलंय. माणूस मागताना जे बोलतो ते दुसरीकडे कुठेच बोलत नाही. मुलगा दारू सोडत नाही, नवरा मारतो, कर्ज फिटत नाही. हे घरात बोलता येत नाही, मित्राकडे लाज वाटते. मागण्याच्या निमित्ताने ते पहिल्यांदा आवाजात येतं. ऐकणारा नसला तरी बोलणारा स्वतः ऐकतो. कधीकधी शेजारी बसलेली बायकोही ऐकते, आणि तिथून पुढे घरात काहीतरी हलतं.

पायवाट
पण उंबरठा, ते समुपदेशकाकडेही होईल. आणि तिथे पलीकडे खरंच कुणीतरी ऐकत असेल. त्याला उपासना म्हणण्याची गरज काय?

आभाळवेडी
समुपदेशकाकडे अशक्य गोष्ट मागता येत नाही. म्हणून.

मी देव मानत नाही, कॉलेजपासून नाही. आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता फार नाही. मी बाहेर बाकावर बसून पुटपुटत होते, 'तिला ने नकोस.' कुणाला म्हणत होते? कुणालाच नाही, आणि त्या क्षणीही मला ते माहीत होतं. तेव्हा मी अचानक आस्तिक झाले असं काही घडलेलं नाही. (नातेवाइकांना ती गोष्ट फार हवी असते.) आई गेली.

नंतर यावर खूप विचार केला. डॉक्टरांकडे मागायचं तर शक्य तेच मागावं लागतं. माणसाकडे अशक्य मागितलं की त्याच्यावर ओझं पडतं, तो समजूत घालायला लागतो. मला समजूत नको होती. मला 'हे होता कामा नये' एवढंच पूर्ण ताकदीने म्हणायचं होतं, आणि त्या वाक्याला मराठीतच काय, कुठल्याही भाषेत प्रार्थनेशिवाय दुसरा आकार मला सापडला नाही. तर्कटराव, ते विधान नव्हतंच. त्यामुळे खोटंही नव्हतं.

पायवाट म्हणतात मागणं पहिलं जातं. माझ्याकडे तेवढंच उरलंय. स्तुती मला आजही करवत नाही.

स्वल्पविराम
यावर विनोद सुचत नाही, आणि सुचला तरी टाकणार नाही.

तर्कटराव
आभाळवेडी, विधान नव्हतं हे मान्य. एवढं मी सोडतो. पण ज्याला विलाप म्हणता येईल त्याला उपासना का म्हणायचं, हा प्रश्न सोडत नाही. उपासनेत नेम असतो, पुनरावृत्ती असते, ठरलेले शब्द असतात. तुम्ही नेम धरून रोज विलाप करणार नाही.

जुनी_पोथी
तर्कटराव, ठरवून, नेमाने, ठरलेल्या शब्दांत केलेला विलाप म्हणजेच अर्धंअधिक धार्मिक वाङ्मय.

आणि इथे चीनमधल्या शुन्झीला आणायलाच हवं. इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक, कन्फ्यूशियसच्या परंपरेतला माणूस. त्याला विचारलं जातं, पावसासाठी विधी केला आणि पाऊस पडला, हे कसं? तो म्हणतो, कसंही नाही, विधी न करता पडला असता तसाच पडला. मग विधी बंद करा असं तो म्हणेल असं वाटतं ना? म्हणत नाही. ग्रहण लागलं की सूर्यचंद्राला सोडवण्याचा विधी करतो, दुष्काळात पाऊस मागतो, ते काही मिळावं म्हणून नव्हे, तर त्या प्रसंगाला रूप द्यायला. जाणता माणूस याला अलंकार समजतो, सामान्य लोक दैवी समजतात. अलंकार समजलं तर शुभ, दैवी समजलं तर अशुभ.

लक्षात घ्या, त्याने उदाहरण स्तुतीचं घेतलं नाही. मागण्याचंच घेतलं. दुष्काळात सगळ्या गावाने एकत्र येऊन 'पाऊस हवा' म्हणणं, पाऊस त्याने येणार नाही हे माहीत असताना. आभाळवेडींनी बाकावर एकटीने जे केलं तेच गावाने मिळून करायचं.

निळीशाई
पोथीकाका, सुंदर. पण त्यातच गोम आहे. जाणत्याला अलंकार, सामान्याला दैवी. म्हणजे ढोल वाजवणारा गाव विश्वास ठेवतो आणि शुन्झी कडेला उभा राहून सौंदर्य बघतो. गावातला प्रत्येक जण शुन्झी झाला तर ढोल कोण वाजवणार? आपल्यासारखे लोक श्रद्धाळूंच्या जिवावर उपासनेचा अर्थ लावत बसतात.

काजवा
अगदी. पास्कल या फ्रेंच तत्त्वज्ञाने अविश्वासूंना सल्ला दिला होता की विश्वास ठेवणाऱ्यांसारखं वागायला लागा, तीर्थ घ्या, प्रार्थनेला बसा, विश्वास मागून येईल. त्याचं गणित करण्यातून मानण्याकडे जाणारं होतं. आपण इथे उलट पाहतोय, मानणं गेलं तरी करणं किती पिढ्या चालतं. माझा अंदाज, फार नाही.

उंबरठा
निळीशाई, कडेला उभं राहून नाही, मी मध्येच उभा असतो. आणि तुम्हाला वाटतं तितका गाव भोळा नाही. समोरच्यांपैकी किती जण खरोखर मानतात हे मला कधीच कळलेलं नाही, आणि त्यांना माझं कळलेलं नाही. आम्ही एकमेकांना विचारत नाही. कदाचित ढोल वाजतोय तो यामुळेच.

रिकामटेकडा
म्हणजे सगळाच हॉल शुन्झींचा असू शकतो आणि प्रत्येकाला वाटतंय बाकीचे गाव आहेत? हे भारी आहे.

पायवाट
धागा काढताना मी मागणं एका झटक्यात निकालात काढलं होतं. उंबरठा आणि आभाळवेडींनंतर ती रेघ इतकी सरळ ठेवता येत नाही. मी आता ती जरा सरकवतो. 'मिळावं म्हणून मागणं' आणि 'मिळणार नाही हे माहीत असूनही मागणं' यांत ती पडते. पहिलं काजवांच्या आकड्यांनी मेलं. दुसऱ्याला आकडे लागूच होत नाहीत, त्याचा दावाच नाही.

स्तुतीवर मात्र ठाम आहे. तारे दाटलेलं आकाश बघून तोंडातून जे निघतं त्याला 'तू' लागत नाही.

आभाळवेडी
माझ्या तोंडून तेव्हा 'बापरे' निघतं. ती स्तुती असेल तर माझी हरकत नाही.

तर्कटराव
'बापरे' चालेल. त्यात कुणाची दया गृहीत धरलेली नाही.

पायवाट, तुमची नवी रेघ मला पटते, पण एक टोक सुटलंय. मिळणार नाही हे माहीत असूनही मागणं, हे मोठ्या माणसाला जमेल, त्याने आधी कधीतरी मिळेल असं मानून मागितलेलं असतं. ज्याने कधीच तसं मागितलं नाही त्याला ते सुचेल का? म्हणजे लहान मुलाला आधी खोटं शिकवायचं आणि मोठेपणी त्याने त्याचा अलंकार करायचा, असा हा मार्ग दिसतो. तो मला मान्य नाही.

मधलीसुट्टी
माझ्या मुलीला कुणी काहीच शिकवलेलं नाही, आमच्या घरात उपासना नाही. परवा तिचं खेळणं तुटलं तर त्याला धरून म्हणत होती, 'तुटू नको ना, तुटू नको ना.' तुटून झालेलं होतं. तेव्हा शिकवावं लागतं असं मला वाटत नाही.

तर्कटराव
ती खेळण्याशी बोलत होती. खेळणं तिथे होतं.

उंबरठा
तर्कटराव, आमच्याकडेही समोर काहीतरी ठेवलेलं असतंच.